पिस्टन रेग्युलेटर गळतोय? खोलायच्या आधी हे बघा

पाणबुड्याच्या हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला की फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरला बसणाऱ्या भागाच्या, अंगावर जी गोल भोकं असतात, त्यांतून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. हवेत काही ऐकू येत नाही, बादलीत बुडवलं की दिसते. हे पहिलं लक्षण. दुसरं, सेकंड स्टेज, म्हणजे श्वास घ्यायला तोंडात धरतो तो भाग, तोंडातून काढून ठेवली की चार-पाच सेकंद गप्प, मग फुस्स, परत गप्प, परत फुस्स. तिसरं, डाइव्ह झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करून चहा प्यायला गेलो आणि आलो तर प्रेशर गेजची सुई दीडशेवरून शंभरावर उतरलेली. चौथं क्वचित येतं, पण आलं तर वाईट. सिलिंडर अर्धा शिल्लक असतानाच श्वास ओढायला जड जातो.

मी पैठणचा. नाथसागरात आणि आसपासच्या तलावांत उतरून जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरींच्या, जाळ्या साफ करणं, गाळात रुतलेले पंप दोराला बांधून वर देणं, अशी कामं आमची चार जणांची टोळी करते. दिवाळीनंतर दोन-तीन महिने तारकर्लीला पर्यटकांना पाणी दाखवायला जातो. मराठवाड्यात पाणबुड्या म्हटलं की लोक आधी हसतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा मामेभाऊ म्हणाला होता, "इथं प्यायला पाणी नाही अन् तू बुडायला निघालास." त्या साली आम्हाला खरंच काम नव्हतं, पण रेग्युलेटर उघडून बघायला वेळ भरपूर होता. वर सांगितलेली पहिली तीन दुखणी तेव्हापासून इतक्या वेळा हाताखालून गेलीत की बुडबुडा कुठून निघतो ते बघितलं की आत काय झालंय याचा बराचसा अंदाज येतो.

एक गोष्ट आधी. भरलेल्या सिलिंडरात २०० बार दाब असतो. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, यावरून हिशेब करा. व्हॉल्व्ह बंद करून, सेकंड स्टेजवरचं पर्जचं, म्हणजे हवा सोडायचं, बटण दाबून सगळी हवा सोडल्याशिवाय कुठल्याही नटाला पाना लावायचा नाही. नुसतं थोडं घट्ट करायचं असलं तरी नाही. आणि व्हॉल्व्ह उघडताना गेजची काच तोंडासमोर धरायची नाही.

फुकटातल्या तपासण्या

सगळं जोडा, व्हॉल्व्ह उघडा, गेजचा आकडा लिहून ठेवा, व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. आकडा हलला नाही तर मोठी गळती नाही. हलला तर गळती आहे, पण ती पिस्टनचीच आहे असं नाही. आमच्याकडे येणारे निम्मे लोक इथंच घाई करतात आणि थेट पिस्टनवर जातात.

मग मोठ्या घमेल्यात पाणी घ्या, व्हॉल्व्ह उघडा ठेवून पूर्ण फर्स्ट स्टेज बुडवा आणि उजेडात बघा. पाणी निवळ हवं, गढूळ पाण्यात बुडबुडा कुठून सुटतो ते कळत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर जिथं मिळतात तिथून बुडबुडे येत असतील तर दोष सहसा तिथल्या एकाच ओ-रिंगचा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्याचा. योक पद्धतीत (रेग्युलेटर व्हॉल्व्हवर शिकंज्यासारखा आवळतात ती) ही ओ-रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असते, डिन पद्धतीत (आट्यांनी व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवतात ती) रेग्युलेटरवर. योकची ओ-रिंग ०१४ मापाची, आतला व्यास १२.४२ मिलिमीटर आणि जाडी १.७८ मिलिमीटर. बदलायला अर्धा मिनिट लागतो.

याच ओ-रिंगवरून आमच्याकडे एकदा झालं. भाचा गावातल्या बेअरिंगच्या दुकानातून एक घेऊन आला.

"मामा, हीच आहे बघा. दहा रुपयाला. तुम्ही उगं पुण्याहून मागवता."

मी व्हर्नियर लावला. आतला व्यास साडेबारा, म्हणजे जवळपास बरोबर, पण जाडी २ मिलिमीटर. खाचेत बसली, दिसायलाही झकास, हवा सोडली तर गळालीही नाही. तिसऱ्या दिवशी जेटीवर असताना फटकन बाहेर आली आणि सिलिंडर आमच्या डोळ्यांसमोर रिकामा झाला. पाण्याखाली असतो तर? जाडीतला हा पाव मिलिमीटरपेक्षा कमी फरक हाताला लागत नाही. दुकानातल्या ओ-रिंगा बहुतेक मिलिमीटरच्या मापाच्या, रेग्युलेटरच्या इंची मापाच्या. शिवाय इथं कडक रबर लागतं, ९० शोअरचं; साधी मिळते ती ७० ची. भाच्याला तेव्हापासून व्हर्नियर खिशात ठेवायची सवय लागली.

होजच्या बुडाशी बुडबुडे असतील तर हवा सोडा, होज काढा, ओ-रिंग बदला, परत लावा. होज हातानं बसवायचा आणि पान्यानं जरासाच आवळायचा. हे ट्रॅक्टरचं चाक नाही. प्रेशर गेजच्या मानेशी, गेज जिथं गरगर फिरतो तिथं, एका बारक्या नळीवर दोन इवल्या ओ-रिंगा असतात. तिथून अगदी बारीक, साबुदाण्याच्या दाण्याएवढे बुडबुडे येतात. ही नळी दहा-बारा महिन्यांत बदलावीच लागते.

सेकंड स्टेज पाण्यात तोंड वर करून टाकली की धो धो हवा सोडते. हा बिघाड नाही. तोंड खाली करा किंवा बोट लावा, थांबते. तिच्यावर एखादी छोटी खिट्टी असेल तर पाण्यात उतरण्याआधीच्या खुणेवर आहे का तेही बघा. एवढ्यासाठी रेग्युलेटर पार्सल करून पाठवलेले लोक मी पाहिलेत.

शे-दोनशेचा गेज, हजारोंचं काम

आता इंटरमीजिएट प्रेशर, आम्ही आयपी म्हणतो ते. सिलिंडरातली २०० बारची हवा फर्स्ट स्टेज साधारण ९ ते १० बारवर आणते आणि सेकंड स्टेज ती तोंडाला देते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या कागदावर असतो, तोच धरायचा. हा मधला दाब बघायला कॉम्प्रेसरच्या दुकानात मिळणारा ० ते २० बारचा गेज आणि पाणबुड्याच्या जॅकेटात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटर होजला बसेल असा निपल एवढंच लागतं. १० बारपर्यंतचा गेज घेऊ नका, फर्स्ट स्टेजची सीट, म्हणजे पिस्टनची धार जिच्यावर टेकून हवा अडवते ती आतली बैठक, खराब असली तर तो पहिल्याच झटक्याला जाईल.

गेज लावा, सेकंड स्टेज जोडलेलीच ठेवा, व्हॉल्व्ह हळू उघडा. सेकंड स्टेज जोडलेली ठेवायला का सांगतो? फर्स्ट स्टेजची सीट निकामी असेल तर मधला दाब चढत जातो. सेकंड स्टेजची रचना अशी असते की दाब फार चढला की ती आपोआप उघडते आणि हवा सोडून देते. ती काढून ठेवली तर तो दाब होजवर येतो आणि होज फुटतो.

आता पर्ज दाबा. सुई थोडी खाली येईल, सोडलं की झटकन वर जाऊन एका जागी थांबेल. थांबली आणि पाच-दहा मिनिटं हलली नाही, तर फर्स्ट स्टेजची सीट ठीक आहे. तरीही सेकंड स्टेज फुसफुसत असेल तर दोष सेकंड स्टेजमध्ये आहे, पिस्टनला हात लावायचं काही कारण नाही. उलट सुई ९ वर थांबण्याऐवजी मुंगीच्या पावलानं साडेनऊ, दहा, अकरा अशी चढत गेली आणि मग सेकंड स्टेजनं फुस्स केलं, तर दोष फर्स्ट स्टेजच्या सीटचा किंवा पिस्टनच्या धारेचा. बरेच जण फुस्स आवाज सेकंड स्टेजमधून येतो म्हणून तीच आवळत बसतात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आणि सुई जागच्या जागी आहे, पण भोकांतून बुडबुडे येतात? मग पिस्टनच्या दोन ओ-रिंगांपैकी एक गेलीय, दांड्यावरची किंवा डोक्यावरची. पिस्टनभोवतीची स्प्रिंग ज्या पोकळीत असते, तिथं बाहेरचं पाणी यावं म्हणून ती भोकं ठेवलेली असतात. या पोकळीत हवा येण्याचे मार्ग दोनच, आणि ते अडवायचं काम या दोन ओ-रिंगा करतात. दोघींपैकी कोणती गेली ते बाहेरून सांगता येत नाही, सांगायची गरजही नाही. खोललं की दोन्ही बदलायच्याच.

इथंच बहुतेकांनी थांबावं

इथवरचं सगळं कोणीही करू शकतो आणि करावं. पुढचं नाही. ज्यानं सर्व्हिसिंग रीतसर शिकलेलं नाही, ज्याच्याकडे त्याच मॉडेलचा सर्व्हिस किट आणि माहितीपत्रक नाही, त्यानं आता पेटीत भरून अधिकृत सर्व्हिसवाल्याकडे पाठवावं. बऱ्याच कंपन्या किट सुटे विकत नाहीत, फक्त प्रशिक्षित माणसाला देतात. याचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही, आणि त्याचं कारण एक दाभण आहे.

पहिल्यांदा पिस्टन खोलला तेव्हा दांड्याची ओ-रिंग आतल्या खोल खाचेतून निघेना. आईच्या गोधडीचं दाभण आणलं, टोक वाकवलं आणि ओढली. आली. नवी घातली. बुडबुडे थांबले नाहीत. आणखी एक नवी घातली, तेच. मग बॅटरी आत मारून बघितलं तर खाचेच्या भिंतीवर केसाएवढी चकाकती रेघ. पितळ मऊ, पोलाद कडक. २०० बारच्या हवेला केसाएवढी रेघ म्हणजे हमरस्ता. ती बॉडी भंगारात गेली. माझे वडील जन्मभर पंचायत समितीच्या हातपंपांवर राबले. जालन्याला एका मिशनच्या लोकांनी साठच्या दशकात जो पोलादी हातपंप बनवला, त्याच्याच वंशातला पुढचा इंडिया मार्क टू. त्याचे कातडी वायसर बदलून त्यांची नखं कायमची काळी झालेली. त्यांनी ती बॉडी हातात घेतली, बोट आत घालून फिरवलं आणि म्हणाले, "वायसर पाच रुपयाचा असतो रे. पण तो ज्याला घासतो ते पाच रुपयाचं नसतं." त्यानंतर मी किनाऱ्यावरच्या एका तंत्रज्ञाच्या हाताखाली पंधरा दिवस राबलो आणि मगच परत पाना हातात घेतला.

शिकलेल्यांसाठी, पिस्टनच्या दोन ओ-रिंगा आणि सीट

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नको. पीठ, तेल, हळद, काहीच चालत नाही. आम्ही पांढरा स्वच्छ टॉवेल अंथरून पंखा बंद करून बसतो. उन्हाळ्यात जीव जातो, पण इथली धूळ पंख्यानं थेट पिस्टनवर येते.

खोलायच्या आधी इनलेटच्या फिल्टरकडे बघा. हा छोटा गोल, बुंदीच्या झाऱ्यासारखा दिसतो, भोकं मात्र डोळ्यांना न दिसणारी. हिरवट झाला असेल तर आत पाणी गेलंय. तांबूस असेल तर पोलादी सिलिंडर आतून गंजलाय, आणि तो सिलिंडर तपासल्याशिवाय रेग्युलेटर दुरुस्त करून काही उपयोग नाही, आठवड्यात परत तेच. श्वास जड जाण्याच्या चौथ्या लक्षणाचं मूळ बऱ्याचदा हाच तुंबलेला फिल्टर असतो. मात्र अनबॅलन्स्ड पिस्टन असेल तर सिलिंडर रिकामा होत आला की मधला दाब थोडा उतरतोच. ती त्याची जात आहे.

पिस्टन बाहेर काढताना वाकडा ओढू नका. पुढचं बॅलन्स्ड पिस्टनचं, म्हणजे सिलिंडर उतरला तरी मधला दाब टिकवणाऱ्या प्रकाराचं, आहे: एका टोकाला रुंद डोकं, तिथं मोठी ओ-रिंग, मध्ये पोकळ दांडा, दुसऱ्या टोकाला सुरीसारखी गोल धार. ही धार सीटवर बसते म्हणून हवा थांबते. पिस्टन टेबलावर धारेवर कधीही उभा करू नका. दहा पट भिंगाखाली ट्यूबलाइटच्या उजेडात धार फिरवून बघा, कान साफ करायची कापसाची काडी तिच्यावरून हळू न्या. तंतू अडकला की तिथं चीर आहे. चीर असेल तर पॉलिश करायच्या फंदात न पडता पिस्टन नवा घ्यायचा. सीटवर गोल वळ उमटलेला असतो. वळ सगळीकडे सारखा खोल असेल तर ती नुसती जुनी झाली. एका बाजूला खोल, दुसरीकडे उथळ असेल तर पिस्टन तिरका चालतोय, आणि नव्या सीटनं ते भागणार नाही.

दांड्याची ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लॅस्टिकचा आकडाच. निघालेली ओ-रिंग बोटावर घेऊन बघा. नवी आडवी कापली तर गोल दिसते. आमच्या पाण्यातली कापली तर एका बाजूनं चपटी, कधी वर राखाडी पावडर. ही पावडर म्हणजे आपली काळी माती. धरणाच्या तळाशी ती इतकी बारीक असते की हाताला साबणासारखी लागते. भोकांतून पोकळीत शिरते, तिथं ग्रीस असलं की त्यात मिसळते आणि गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते. पिस्टन प्रत्येक श्वासाला पुढेमागे हलतो. किती श्वास, किती घासणं, विचार करा. समुद्रात वर्षभर टिकणारी ओ-रिंग जॅकवेलच्या कामात तीन-चार महिन्यांत का जाते, हे मला ही पेस्ट बोटांत चोळून बघितल्यावर कळलं.

म्हणून ग्रीस कमी. ओ-रिंग ओली चमकावी इतकंच, पांढरा गोळा दिसला तर जास्त झालं. ग्रीस किटसोबतचं किंवा माहितीपत्रकात सांगितलेलंच. खोबरेल, व्हॅसलीन, बेअरिंगचं ग्रीस अजिबात नाही. उच्च दाबाच्या हवेत तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. नायट्रॉक्स किंवा जास्त ऑक्सिजन वापरणाऱ्याचा रेग्युलेटर असेल तर मी हातच लावत नाही, त्याची साफसफाई वेगळी आणि ग्रीस वेगळं.

धातूचे भाग, सगळं रबर आणि प्लॅस्टिक काढल्यावर, कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, क्रोमचा थर जातो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यात. बोअरच्या पाण्यात धुऊन वाळवलं की तोच क्षार परत बसतो.

आत घालताना पिस्टनच्या धारेवर टोपी घालायची, तिला आम्ही बुलेट म्हणतो. ती नसेल तर नवी धार नव्या ओ-रिंगमधून जाताना तिला कापते, आणि दोन तासांचं काम दहा सेकंदांत वाया. कॅप हातानं फिरवा. आटे गोडीनं बसले पाहिजेत, अडलं तर उलट फिरवून परत सुरुवात. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं.

मग आयपी गेज आणि सेकंड स्टेज लावून व्हॉल्व्ह हळू उघडा. पहिल्या काही दाबांना आकडा थोडा हलतो, कारण नवी सीट अजून बसायची असते. पर्ज तीस-चाळीस वेळा दाबा आणि मग बघा. कमी-जास्त असेल तर बऱ्याच पिस्टन मॉडेलांत आत पातळ चकत्या घालून किंवा काढून तो जुळवावा लागतो. एक तास तसाच ठेवा. सकाळी परत बघा. मी तरीही पहिली बुडी आमच्या विहिरीत, कंबरभर पाण्यात, भाचा दोर धरून काठावर असताना मारतो.

परत परत होऊ नये म्हणून

गढूळ पाण्यातून आल्यावर रेग्युलेटर बादलीत नुसता बुडवून ठेवू नका, बादलीच्या तळाशी गाळ आणि रेग्युलेटर एकत्र बसतात. सिलिंडरला जोडलेला, दाब असलेला ठेवून नळीच्या हळू धारेनं भोकं धुवा आणि मध्ये मध्ये पर्ज दाबा, म्हणजे पिस्टन हलतो आणि अडकलेली माती निघते. गाड्या धुण्याचा जोराचा पंप मारू नका, तो माती आणखी आत ढकलतो. सुटा रेग्युलेटर धुवायचा तर इनलेटची टोपी घट्ट आणि पर्जला हात नाही, नाहीतर पाणी आत जातं.

खरं तर आमच्यासारख्या कामाला पिस्टनपेक्षा बंद पोकळीचा डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडद्यावर चालणारा, प्रकार बरा. तिथं माती शिरायला वाट कमी. मी पुढचा तोच घेतला. पिस्टन आता तारकर्लीपुरता ठेवलाय.

आता सांगितलं तेवढं करूनही थांबायचं कधी? नवी सीट घालूनही सुई चढतच राहिली. आतल्या भिंतीवर रेघ दिसली. कॅपचे आटे खराब दिसले. बॉडीचं क्रोम आतून सुटतंय. रेग्युलेटर आपटून योक वाकलाय. किंवा सगळं ठीक दिसतंय पण खोलवर श्वास जड जातोय आणि कारण सापडत नाही. यातलं एकही असेल तर दुसरा किट वाया घालवू नका. पाठवताना होज गुंडाळून, इनलेटची टोपी लावून, मधल्या दाबाचे तुमचे आकडे कागदावर लिहून द्या: व्हॉल्व्ह उघडल्यावर किती, पाच मिनिटांनी किती, सिलिंडरात तेव्हा किती. आणि काढलेल्या जुन्या ओ-रिंगा आणि सीट फेकू नका, पुडीत बांधून तेही सोबत द्या. माझ्या तंत्रज्ञानं एकदा त्या पुडीतली सीट बघूनच फोन केला होता, "पिस्टन वाकडा आहे, बॉडी उघडायचीसुद्धा गरज नाही."